सरकारांची शाल आणि पिकअपचा हौदा

“झाकून न्यायला माझा माल काय चोरीचा आहे?” सरकार म्हणाले, आणि त्यांच्या मते तरी गाडीच्या कव्हरचा विषय तिथंच संपला.

समोर द्राक्षांचे क्रेट उभे होते. सकाळी बागेतून निघाले तेव्हा काचेसारखे घड होते. बाजारात पोचले तेव्हा व्यापाऱ्यानं विचारलं, “द्राक्षं आहेत का बटाटे?” आणि सगळा माल आल्या गाडीनं परत पाठवला. दोष कुणाचा? तालुक्याचा रस्ता खणून ठेवलाय, त्याचा नाही. उघड्या पिकअपचा तर नाहीच नाही. दोष ड्रायव्हर दगडूचा. तो म्हणे धूळ उडवत चालवतो.

गावात सरकारांना सगळे सरकारच म्हणत. इनाम आजोबांच्या वेळीच गेलं होतं, पण तोरा जागच्या जागी होता. पिकअप उघडी न्यायची, कारण वाटेतल्या चार गावांनी म्हणायला पाहिजे, बघा, सरकारांची द्राक्षं चालली!

दगडू मान खाली घालून उभा होता. त्याची पोरगी अनशी मात्र मान वर करून उभी होती. घरात सगळ्यांना तिच्या याच मानेची काळजी.

“सरकार, हौद्याला कव्हर असतं तर माल परत आला नसता,” ती म्हणाली.

“अगं गप,” दगडू पुटपुटला.

“बोलू दे तिला,” सरकार खुर्चीत मागं रेलले. ज्या हातांनी त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा कधी उचलला नव्हता, तेच हात त्यांनी पुढं केले. “हे हात बघ, पोरी. ज्या दिवशी हे हात स्वतः होऊन माझी गाडी झाकतील, त्या दिवशी घेईन तुझं कव्हर. तोवर नाव काढायचं नाही.”

“मुदत किती?”

सरकारांना हसू आलं. “उद्या माघी गणपती आणायचाय. मूर्ती मखरात बसेपर्यंत. तोवर जमलं नाही, तर तुझ्या बापानं गाडीची किल्ली या कट्ट्यावर ठेवायची. धूळ न उडवणारा ड्रायव्हर बघतो मी.”

घरी जाताना दगडू एवढंच म्हणाला, “तुझ्या जिभेनं माझी किल्ली खाल्ली.”

अनशीनं विचारलं, “अण्णा, मूर्ती केबिनमध्ये मावंल?”

“नवसाची हाय, मोठी. मागं हौद्यातच बसवायची. तू धरून बसणार नव्हं?”

“मी बसते की,” अनशी म्हणाली. त्यानंतर ती भाकरी नीट जेवली.

दुसऱ्या दिवशी सरकार नटूनथटून निघाले. अंगावर कारखान्याच्या सत्कारात मिळालेली शाल. अशा शाली त्यांच्या कपाटात थप्पी लावून होत्या, पण ही लाडकी. कुंभारानं मूर्ती हौद्यात ठेवली. तोंड झाकायचा रेशमी रुमाल सरकारांनी अनशीच्या हातात दिला आणि स्वतः केबिनमध्ये बसले. अनशीनं रुमाल कमरेला खोचला. गाडी निघाली.

खणलेला रस्ता लागला. समोरून मुरमाचा डंपर येत होता आणि त्याच्या मागं लाल धुळीचा लोट. सरकारांनी सहज मागच्या काचेतून पाहिलं. बाप्पा उघड्या तोंडानं रस्ता बघत होते.

“थांबव!” सरकार खाली उतरून मागं धावले. “रुमाल कुठाय?”

“कमरेला, सरकार.”

“मग झाक की! घरी पोचेपर्यंत देवाचं तोंड झाकायचं असतं, कळत नाही?”

“पण झाकून न्यायला देव काय चोरीचा आहे, सरकार?” अनशी शांतपणे म्हणाली. “वाटेतल्या गावांनी बघायला नको?”

तिचा हात मात्र कमरेला गेलाच होता. तिलाही बाप्पांवर धूळ नको होती. पण सरकार तिच्यापेक्षा चपळ निघाले. रुमालाचं काम नाही हे त्यांना दिसत होतं; रंग ओला, लोट जवळ! ते धोतर सावरत हौद्यात चढले, अंगावरची शाल ओढली, दोन टोकं हौद्याच्या कड्यांना बांधली आणि उरलेली दोन हातांत धरून शाल मूर्तीवर ताणून उभे राहिले.

डंपर गेला. धूळ बसली. सरकार नखशिखांत गुळाच्या ढेपेसारखे झाले होते. शालीखाली मूर्ती लख्ख.

“सरकार,” अनशी म्हणाली, “गाडी कुणाच्या हातांनी झाकली?”

सरकारांनी तोंडातली माती थुंकली. हार मानतील तर ते सरकार कसले? “गाडी कुठं झाकली? मी देव झाकला.”

“मग मी तरी काय मागत होते? कव्हर गाडीसाठी कोण घेतं, सरकार? जपायचं ते आत असलेल्याला. आज आत देव होता म्हणून तुम्ही शाल दिली. काल तुमची वर्षाची मेहनत होती, तिला साधी ताडपत्रीसुद्धा नाही.” तिनं शालीकडे बोट केलं. “आणि झाकला म्हणून देव चोरीचा झाला का?”

दगडूनं डोळे मिटून घेतले. सरकारांनी आपल्या लाल हातांकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, आणि ते असे हसले की मिशीतली धूळ उडून पुन्हा तोंडात गेली.

मूर्ती मखरात बसली, आरती झाली. मग सरकारांनी सगळ्या गावासमोर नारळ मागवला आणि तीच शाल, न झटकता, अनशीच्या खांद्यावर घातली. गाडीची किल्ली दगडूकडून मागून घेतली आणि पुन्हा त्याच्याच हातात दिली. कव्हर शिवायला माणूस धाडला.

“आणि त्याला सांगा,” सरकार खाकरले, “कव्हरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिही: संकल्पना, सरकार.”

गाव अनशीकडे बघायला लागलं. तिनं शाल नीट ओढून घेतली.

“लिहू द्या की. संकल्पना तुमचीच, सरकार. किल्ली तेवढी अण्णांची.”