दहा हजार एक मोती

एका राज्यात अरिकेतू नावाचा राजा होता. त्याची आज्ञा होती की कोणतीही रांग पन्नासांहून लांब नसावी. सैन्य असो वा पंगत, जी रांग राजाच्या नजरेत मावत नाही, ती राजाचा अपमान करते.

काळवेत्र जादूगाराला राजाने सभेत आसन नाकारले. राजा पंडित विद्यानिधीसह शिकारीला गेला, तेव्हा काळवेत्राने राणीसकट साऱ्या नगराचे मोती केले. दहा हजार एक माणसे, दहा हजार एक मोती.

राजा परतला तेव्हा काळवेत्राची काळी साळुंकी शाप सांगायला आली. कामे तीन होती. तळ्याच्या तळाशी नागाने वेढलेली मोत्यांची पेटी वर आणावी. वाऱ्याच्या टेकडीवर एकही मोती घरंगळू न देता ते मोजावेत. मग सारख्या रांगांत मांडावेत. एकही उरू नये, रांग एकच नसावी, आणि रांगेत मोती एकटा नसावा. जमले तर शाप सुटेल, नाहीतर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की मोत्यांची माती होईल.

पहिले काम राजाने तलवारीने केले, दुसरे धीराने. तिसऱ्यापाशी तो अडला. दोनदोन मांडले, एक उरला. तीनतीन मांडले, दोन उरले. सातसात मांडले, पाच उरले. पन्नासापर्यंत पाहून पंडित म्हणाला, "महाराज, ही संख्या अविभाज्य आहे."

तेवढ्यात शारंगा विणकरीण आली. ती सूत धुवायला नदीपार गेली होती, म्हणून वाचली. तिचा नवरा मेघांक मोत्यांत होता. तिने विचारले, पन्नासापुढे पाहिले का? पंडित म्हणाला, तशी आज्ञा नाही. आणि पुढे हजारो आकडे आहेत, दिवस तर कलला.

"हजारो कशाला, पंडितजी? शंभर रांगा शंभरांच्या केल्या तर दहा हजार झाले. दोन्ही बाजू शंभरावर गेल्या तर मोती पुरायचे नाहीत. एक बाजू शंभरातच सापडेल, नाहीतर कुठेच नाही."

"बाई शहाणी आहे," साळुंकी म्हणाली, "पण रांगेची आज्ञा राजाची आहे."

राजाने मुकुट काढून गवतावर ठेवला.

"लांब मांड," तो म्हणाला.

आधीच फसलेल्या आकड्यांच्या पटी शारंगाने सोडून दिल्या. त्रेपन्नांनी सदतीस उरले. एकोणसाठांनी तीस. एकसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर, तिन्ही वाया गेले. सूर्य डोंगराला टेकला. तिने त्र्याहत्तरांची रांग धरली. राजा आणि पंडित गुडघ्यांवर बसून मोती लावू लागले. एकशे सदतिसावी रांग भरली, आणि पेटी रिकामी झाली.

जिथे मोती होते तिथे माणसे उभी राहिली. साळुंकीची वाचा गेली, काळवेत्राची विद्याही. राणीने खाली वाकून मुकुट उचलला.

शारंगा रांगांमधून धावली. मेघांक इकडेतिकडे बघत होता.

"पाणी आणायला निघालो होतो," तो म्हणाला. "घागर कुठे गेली?"

"घरी आहे. चला," ती म्हणाली.

असा शाप सरला आणि नगर पुन्हा नांदू लागले.