कबरीचा कोरडा शिधा

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. समुद्राकाठच्या त्या गावात एक धान्याचं कोठार होतं आणि कोठारात कबरी नावाची मांजर राहत होती.

एका वर्षी उंदरांनी कोठारावर धाड घातली. पेरणीचं बियाणं गेलं असतं, तर गावावर उपासमार आली असती. कबरीने एकटीने ते बियाणं राखलं.

गावचे पाटील मोठ्या मनाचे होते, आणि मोठ्या मनाची माणसं कधीकधी दुसऱ्याला विचारायचंच विसरतात. त्यांनी चावडीवर जाहीर केलं, "आजपासून कबरी गावची मानकरी. तिनं आता उंदरांमागं धावायचं नाही. माझ्या पडवीत पाटावर बसायचं आणि रोज शिधा घ्यायचा."

आता शिधा म्हटला की तो कोरडाच. शिजवलेलं, ओलं अन्न खरकटं मानायचं आणि ते मानकऱ्यापुढे ठेवायचं नाही, अशी त्या गावाची रीत. म्हणून कबरीपुढे उन्हात खडखडीत वाळवलेली सुकट आणि कडक भाकरीचा चुरा येऊ लागला. शेजारी पितळी वाटीत विहिरीचं पाणी. गावकरी येऊन हात जोडत आणि कबरी निमूटपणे चुरा चघळत बसे.

वाटी पाटलीणबाई घासायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, कालचं पाणी तसंच आहे. जरा जीभ लावते नि तोंड फिरवते."

"तहान लागली की पिईल," पाटील म्हणाले. "वाटी काय लांब आहे?"

बाईंना ते पटलं नाही, पण रीत मोडायचा धीर त्यांनाही झाला नाही.

उन्हाळा आला. कबरीच्या अंगावरची तकाकी गेली. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राही. ती लघवीसाठी कोपऱ्यात जाऊन बसे आणि काही न होता कण्हत परत येई. शेवटी तिने सुकटीला तोंड लावणंही सोडलं.

तेव्हा पाटील घाबरले. तिच्याजवळ भुईवर बसून ते म्हणाले, "कबरे, उशाशी पाणी भरलेलं असताना तू अशी वाळलीस कशी?"

कबरीने कसेबसे डोळे उघडले. "पाटील, आमच्या जातीला तहान कमीच. आमचे पूर्वज वाळवंटातले, तिथं पाणी कुठलं मिळायला? शिकारीच्या अंगात असेल तेवढ्यावर ते जगले. मीही उंदीर खाल्ला की माझं जेवण व्हायचं आणि पाणीही व्हायचं. तुम्ही माझ्या घासातलं पाणी उन्हात वाळवलंत आणि वाटीत वेगळं ठेवलंत. वाटीकडे जा म्हणणारी तहानच मला पुरेशी लागत नाही, मी काय करू?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही मान दिला होता. मानाच्या ताटाला नावं कशी ठेवायची? आणि मला विचारलं तरी कोणी?"

पाटलीणबाई उठल्या. रीत बाजूला सारून त्यांनी ताजी मासळी नुसत्या पाण्यात शिजवली आणि ते कोमट, पातळ अन्न तिच्या तोंडाशी धरलं. कबरीने ते मन लावून चाटलं. पण आता फार उशीर झाला होता. पहाटे बाई पुन्हा वाटी घेऊन आल्या, तेव्हा ती गेलेली होती.

पाटील लहान पोरासारखे रडले. गावकरी त्यांची समजूत घालू लागले, "पाटील, तुम्ही तिला काय कमी केलंत?"

"कमी काहीच केलं नाही," पाटील म्हणाले. "तिला लागत होतं तेवढंच दिलं नाही."

तात्पर्य: ज्याचा मान करायचा, त्याला काय लागतं हे आधी विचारावं, न विचारता केलेली माया जीवही घेते.