अप्पासाहेबांचा लेखी हुकूम

अप्पासाहेब धनवडे संस्थेचे अध्यक्ष; शाळेत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी ते नव्या सिस्टीमचा लॅपटॉप घेऊन आले, सोबत थेट भंगारवालाच.

"जुना कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता उचल!"

क्लार्क वत्सलाबाई धुरी पुढे झाल्या. वीस वर्षांतल्या मुलांचे दाखले त्यात जुन्या मराठी फाँटमध्ये होते, आणि नवी सिस्टीम तो फाँट घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"साहेब, दाखले नव्यावर वाचता येणार नाहीत."

"मला शिकवता? सगळं जसंच्या तसं दिसेल. नाहीतर तुम्हीही बसा घरी!"

भंगारवाल्याने वायरीला हात घातला.

"हुकूम तेवढा लेखी द्या," बाई म्हणाल्या.

अप्पासाहेबांनी तोऱ्यात मजकूर सांगितला. बाईंनी तो रोजच्यासारखा जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केला, पेनड्राइव्हने नव्या लॅपटॉपवर उघडला आणि पडदा साहेबांपुढे वळवला. मराठीचा पत्ता नव्हता. नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला.

"एवढं वाचून दाखवा, साहेब," बाईंनी हात जोडले. "तुमचा हुकूम तुम्हाला वाचता आला, की मी लगेच पाळते."

अप्पासाहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग भंगारवाल्यावर खेकसले, "तुला इथं कुणी बोलावलं रे?"