डाव्या पायाच्या वहाणा

फार पूर्वी, सरहद्दीवर खांब पुरायची पद्धत पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. दोन राज्यं शेजारीशेजारी होती. एकाची माती तांबडी, दुसऱ्याची काळी. मध्ये एक टेकाड होतं. टेकाडापर्यंत तांबडी माती, पलीकडे काळी. मातीचा रंग बदलला की राज्य बदललं.

तांबड्या मातीचा राजा काही वाईट नव्हता. त्याला फक्त निवांत झोप हवी होती. पलीकडच्या डोंगरांतून दरोडेखोर यायचे आणि त्याची गावं लुटून जायचे. एके दिवशी काळ्या मातीच्या राजाचा वकील दरबारात आला आणि म्हणाला, "दरोडेखोरांना आम्ही अडवतो, महाराज. बदल्यात आमच्याकडून पळून आलेली माणसं तुम्ही परत पाठवायची."

"आणि त्यांना तुम्ही छळलंत तर?"

"छे, छे! आमच्याकडे माणूस घरी पोचला की उंबऱ्याशी वहाणा काढतो. जो जो घरी पोचेल, त्याची डाव्या पायाची वहाण खूण म्हणून तुमच्या चौकीवर धाडू."

खूण ठरली, करार झाला. दरोडे थांबले. राजा ढाराढूर झोपू लागला.

सरहद्दीच्या चौकीवर एक म्हातारा नाईक होता. पळून आलेल्यांना तो भाकरी द्यायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "जा बाबांनो, घाबरू नका. करार झालाय." माणसं मागे वळून बघत बघत टेकाडापलीकडे जायची. चार दिवसांनी वहाण यायची. नाईक ती पडवीत रांगेत मांडून ठेवायचा, चवडे टेकाडाकडे करून.

रांग लांबत गेली आणि मग भलतंच सुरू झालं. सकाळी मांडलेल्या वहाणा दुपारपर्यंत वळलेल्या असायच्या. सगळ्यांचे चवडे चौकीच्या दाराकडे. कुत्र्याचं काम असेल म्हणून नाईकाने कुत्रं बांधून ठेवलं. वहाणा तरीही वळल्या.

एकदा भर दुपारी, वारा पडलेला असताना, टेकाडाकडून पावलं वाजली. एक पाऊल वहाणेचं, एक अनवाणी. चट्, मग काही नाही. चट्, मग काही नाही. रस्ता तर टेकाडापर्यंत मोकळा दिसत होता. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"कोण आहे?" नाईकाने विचारलं. कोणी बोललं नाही. पण कोणी परत गेल्याचंही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. "बाबा, मला परत पाठवू नका," ती म्हणाली. "माझे मालक श्रावणात इकडे पळून आले होते. त्यांना शोधतेय."

"अगं, तो कधीच घरी पोचला असेल! नाव काय त्याचं?"

बाईने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घेणार कसं? ती मुकाट्याने पडवीत गेली, रांगेकडे बघत चालली आणि एका वहाणेपाशी मटकन बसली. त्या वहाणेच्या अंगठ्याला निळ्या दोऱ्याचा टाका होता.

"हा टाका मी घातलाय, बाबा. आणि ते घरी आलेच नाहीत."

नाईकाने वहाण उलटी केली. तळाला चौकीपुढची तांबडी माती जशीच्या तशी होती. त्याने दुसरी उलटली, तिसरी उलटली. सगळीकडे तेच. घरापर्यंत दोन दिवसांची काळ्या चिखलाची वाट, आणि वहाणांना नुसती तांबडी माती! टेकाड ओलांडल्यावर ही माणसं पुढे चाललीच नव्हती.

नाईक त्या बाईला आणि वहाणेला घेऊन राजापुढे उभा राहिला. वकील तिथेच बसला होता. "दुःखाने भ्रमिष्ट झालीय बिचारी," तो म्हणाला. "करारानुसार तिलाही आमच्या स्वाधीन करा."

"मग हिच्या नवऱ्याला इथे आणून उभा कर," राजा म्हणाला.

"ते सगळे घरी विसावा घेताहेत, महाराज. कशाला उठवायचं त्यांना?"

राजाला दरोडेखोर आठवले, जळालेली गावं आठवली. त्याने बाईला विचारलं, "बाई, तुला भीती कुणाची वाटते?"

"आमच्या राजाची वाटायची, म्हणून पळाले," बाई म्हणाली. "आता तुमची वाटते. तो मारतो, पण त्याच्या हाती तुम्ही देता."

राजाने करार मागवला आणि सगळ्यांसमोर फाडला. बाई तिथेच राहिली.

दरोडेखोर परत आले, हे लपवून काय उपयोग? त्या साली तीन गावं जळाली. राजा स्वतः सैन्य घेऊन टेकाडावर पहारा देऊ लागला. लोक कुरकुरले, पण पळून आलेलं एकही माणूस त्याने पुन्हा त्या राजाच्या हाती दिलं नाही.

नाईकाने मात्र चौकी सोडली. "मी त्यांना पोटभर जेवू घातलं," तो भेटेल त्याला सांगायचा, "म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

तात्पर्य काय, तर परत पाठवलेला माणूस सुखरूप आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकावं. मारणाऱ्याने धाडलेली खूण हा पुरावा नसतो, ती फक्त आपल्या झोपेची सोय असते.