तेरसेचा पहिला तास

खाडीकाठच्या एका कोळ्यांच्या गावात एक लहानसे कॉलेज होते. दिवाळीनंतरच्या सत्रात तिथे समुद्रशास्त्र हा नवा ऐच्छिक विषय सुरू व्हायचा होता. तो शिकवायला शहरातून इंद्रजित उपासनी नावाचा तरुण आला. त्यासाठी त्याने प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडली होती. समुद्राकाठच्या मुलांना समुद्र शिकवायचा नाही तर कुणाला, असे त्याचे म्हणणे.

प्राचार्य खोतांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "बावीस मुलांनी नावं दिली आहेत. पण नावं देणं सोपं असतं. सोमवारी दहाच्या तासानं सुरुवात करा. संध्याकाळपर्यंत पंधरा मुलं वर्गात दिसली, तर विषय चालू. नाहीतर बंद."

इंद्रजित तयारीला लागला. तीन आठवड्यांत त्याने ऐंशी पाने टिपणे काढली. पुठ्ठ्याची पृथ्वी केली, लिंबाएवढा चंद्र केला. वर्षभराच्या भरती-ओहोटीचे छापील कोष्टक मुलांना दाखवायला म्हणून पिशवीत ठेवले. आरशासमोर उभे राहून अख्खा तास चार वेळा घेतला. कितव्या मिनिटाला विनोद करायचा, हेही ठरवले. मुले हसतील म्हणून पुढे अर्धे मिनिट राखून ठेवले.

सोमवारी साडेनऊलाच तो वर्गात हजर होता. दहा वाजले, सव्वादहा वाजले. एकाही बाकावर कुणी दिसेना.

साडेदहाला प्राचार्य दारात उभे राहिले. "मागच्या दोन नव्या विषयांचंही असंच झालं. या पोरांना शिकण्यात रस नाही, उपासनी. हजेरीपटावर तसं लिहा, सही करा आणि दुपारची एसटी पकडा. तुमचा काही दोष नाही."

'तुमचा काही दोष नाही' हे वाक्य कानाला फार गोड लागते. त्याची उशी करून कितीतरी शिक्षक जन्मभर निवांत झोपले आहेत. इंद्रजितनेही पेन उघडले.

तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. खाडी काठोकाठ भरली होती. एकामागून एक बोटी धक्क्याला लागत होत्या. त्याने पिशवीतले कोष्टक काढून आजची तारीख शोधली. पूर्ण भरती: पावणेदहा.

भरतीवर ऐंशी पाने लिहिणाऱ्या माणसाने आजची भरती कधी आहे, एवढेच पाहिले नव्हते!

त्याने पेनाला टोपण लावले. "सर, अजून संध्याकाळ झालेली नाही," असे म्हणून तो धक्क्याकडे धावला. कोष्टकाबरोबर टेबलावरचा पुठ्ठ्याचा चंद्रही घाईत त्याच्या हातात आला.

धक्क्यावर बावीसच्या बावीस मुले होती. कुणी टोपल्या उचलत होते, कुणी कोळंबी निवडत होते. यादीत पहिले नाव दिलेली नमिता तांडेल ओशाळून पुढे आली. "सर, रागावू नका. खाडीचं तोंड उथळ आहे. पाणी भरल्याशिवाय बोटी आत येत नाहीत. आज चार दिवसांनी आल्यात."

तिची आई जनाबाई बोंबलांच्या ढिगामागून ओरडली, "मास्तर, भरती शिकवनार तुम्ही, न् भरतीच्याच टायमाला पोरांना वर्गात बसवनार? मग मावरं काय तुमचा प्रिन्सिपल उतरवनार?"

सगळा धक्का हसला. इंद्रजितही हसला. हा विनोद त्याच्या ठरवलेल्या विनोदापेक्षा कितीतरी चांगला होता.

"चुकलं माझं, मावशी," तो म्हणाला. "पण पाणी पावणेदहाला भरणार, हे तुम्हाला कसं कळलं? घरात कोष्टक आहे?"

"कोष्टक कशाला? आज तेरस, तेरावी तिथी. तेराची पाऊनपट करा. पावनेदहा!"

इंद्रजितने मनात हिशेब केला. बरोबर होते. त्याने कोष्टकातल्या आणखी चार तारखा तिथी मोजून तपासल्या. पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे, पण सगळीकडे जुळत होते. त्याच्या ऐंशी पानांत हे कुठेच नव्हते.

"पण पाऊणपटच का?" त्याने विचारले. "निमपट का नाही? दीडपट का नाही?"

 नमिताने हातातले पापलेट टोपलीत ठेवून आईकडे पाहिले.

"आजा सांगायचा," जनाबाई हळूच म्हणाली. "त्याला त्याचा आजा. का, ते कोनी विचारलंच नाय."

इंद्रजितने हातातला चंद्र वर धरला. "हा पाहुणा रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, आणि पाणी त्याच्या मागोमाग. त्याला उशीर का होतो, ते दोन वाजता सांगतो. मासळी आवरून या."

"हाताला वास येईल, सर," नमिता म्हणाली.

"समुद्राच्या तासाला समुद्राचा वास नको?"

दोनला पाच मिनिटे कमी होती, तेव्हा वर्गात चारच मुले होती. प्राचार्य दाराशी घड्याळ पाहत उभे होते.  मग व्हरांड्यात ओल्या चपलांचा आवाज आला. नऊ झाले. चौदा झाले. पंधरावी नमिता आली. तिच्या मागून उरलेले सगळे आले आणि सर्वांत शेवटी जनाबाई.

"तेवीस," प्राचार्य पुटपुटले.

"मला नका मोजू, मी नाव दिलं नाय," शेवटच्या बाकावर बसत जनाबाई म्हणाली. "पन 'का' ते ऐकल्याबिगर जानार नाय."

 टिपणांची चळत इंद्रजितने बाजूला सारली. त्या दिवशी तिच्यातले एकच पान उपयोगी पडले, एकसष्टावे: पृथ्वीची एक गिरकी होईतो चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो.

संध्याकाळी कॉलेजच्या फलकावर समुद्रशास्त्राचे नवे वेळापत्रक लागले. त्यात तासाची वेळ रोज वेगळी होती, आणि प्रत्येक वेळेपुढे तिथी लिहिली होती. असले वेळापत्रक जन्मात पाहिले नाही म्हणत प्राचार्यांनी खाली सही केली.

तात्पर्य: काय शिकवायचे याची कितीही तयारी केली, तरी कुणाला शिकवायचे हे जाणून घेतल्याशिवाय ती अपुरीच राहते, म्हणून रिकाम्या वर्गाचा दोष मुलांना देण्याआधी शिकवणाऱ्याने एकदा खिडकीबाहेर पाहावे.