खाचेच्या कानाचे अठरा घोडे

शके सेहेचाळीस, वैशाखाचा वद्य पक्ष. आंबेदऱ्याच्या माळावरचा हा दगडांचा ढीग त्या उन्हाळ्यात रचला, असे सांगतात. त्यावर मातीचे अठरा घोडे आहेत. प्रत्येकाच्या डाव्या कानाला खाच आहे. पाहुण्यांनी पाहावे, हात लावू नये.

तेव्हा घाटात शकांची चौकी होती. शक म्हणजे उत्तरेकडून घोड्यांवर आलेले लोक. त्यांच्यातला अर्तक नावाचा स्वार वाटेत लुटणाऱ्या चोरांवर एकटा तुटून पडला आणि त्याने त्यांच्या तावडीतून गावच्या नागल कुंभाराला जिवंत सोडवले. काय देऊ, असे नागलाने विचारले.

"आमच्यात याचं मोल घेत नाहीत," अर्तक म्हणाला. "भाऊ होतात."

नागलानेच घडवलेल्या वाडग्यात दारू ओतली. दोघांनी बोटे कापून तीत रक्त मिसळले, बाणाचे टोक बुडवले आणि दोघेही प्यायले. जो मागे राहील त्याने दुसऱ्याला त्याच्या रीतीने पोचवायचे, असा शब्द झाला.

शकांची रीत काय, हे नागलाने नंतर विचारले. चूक तिथे झाली. मेलेल्या स्वाराबरोबर त्याचा घोडा मारून पुरायचा, अशी ती रीत होती.

त्या वैशाखात सातवाहनांची फौज आली आणि चौकी मोडली. छातीत बाण घेऊन अर्तक नागलाच्या दारात उतरला. "मला पायी धाडू नकोस," एवढे बोलून गेला.

नागलाने माळावर खड्डा खणला, भावाला आत ठेवले आणि त्याची घोडी आणली. तिच्या डाव्या कानाला अर्तकाच्या घराण्याची खाच होती. त्याने सुरा उचलला.

"अहो, गाभण आहे ती," बायको म्हणाली.

नागलाने सुरा खाली ठेवला.

गावचा म्होरक्या हसला. "गाढवं हाकणाऱ्या, तुला घोड्याचं वचन द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"दिलंय ना. आता हसा."

नागल खड्ड्याशी वाकला. "दादा, ही आपल्या मरणानं मरेल, तेव्हा तुझ्यापाशी आणीन. तोवर वर्षाला एक घोडा माझ्या हातचा घे."

त्याने मातीचा घोडा घडवला आणि कानाला नखाने खाच पाडली. पहिला घाईने ओलाच आव्यात घातला, तो फुटला. दुसरा वाळवून भाजला. दगड रचून त्यावर उभा केला.

घोडीच्या पाठीवर त्याने कधी मडके लादले नाही, म्हणे. स्वतः गाढवांमागे पायीच हिंडला. अठरा वैशाख गेले, अठरा घोडे झाले. एकोणिसाव्या वर्षी घोडी म्हातारी होऊन मेली. नागलाचे केसही तोवर पिकले होते. त्याने एकट्याने ढीग उकरला, तिला अर्तकाशेजारी ठेवले आणि दगड पुन्हा रचले.

आजही एखादा घोडा फुटला तर कुंभारवाड्यातून तसाच, खाचेच्या कानाचा, नवा येतो. कोणी नवसाचा एकोणिसावा आणला तर तो परत पाठवतात. नागलाचे देणे फिटले आहे.