गल्लीच्या तोंडाशी

“तिसऱ्यांदा दिसतोय तो, बाई. आता तरी खरं वाटतं का?”

“खोटं वाटतं, असं मी कधी म्हटलं?” अनुसयाबाई चालता चालता म्हणाल्या.

हेमलतानं मागं एक चोरटी नजर टाकली. बाई तसं म्हणाल्या नव्हत्या. खरं तर त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या...

वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव, मंगळवारचा बाजार, दुपारचे चार. अनुसयाबाई महानुभाव पंथाच्या तपस्विनी. सत्तरी उलटलेली, खांद्याला झोळी, चाल संथ. हेमलता त्यांची शिष्या. दोन वर्षांपूर्वी आश्रमात येण्याआधी तिनं नऊ वर्षं होमगार्डमध्ये काढली होती. जत्रा, मिरवणुका, मतदान, सगळीकडे बंदोबस्ताला उभी राहिलेली. गर्दीतला वाईट माणूस आपण नुसत्या चालीवरून ओळखतो, हे ती आश्रमात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

मागच्या महिन्यात आश्रमातल्या कमलबाईंची झोळी मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढली. खेचाखेचीत कमलबाई पडल्या, खुबा मोडला. अजून खाटेवर होत्या. झोळीत निघाली असेल ती एक पोथी आणि भिक्षेच्या दोन भाकरी.

तेव्हापासून अनुसयाबाईंच्या सोबतीला हेमलता.

तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. झोळी भिंतीच्या बाजूला घ्या. गाड्या समोरून येताना दिसतील अशा कडेनं चाला. रोज एकच वाट धरू नका. बाईंनी सगळं मान्य केलं होतं, एका शब्दानं वाद घातला नव्हता.

“करड्या शर्टातला,” हेमलता ओठ न हलवता म्हणाली. “बाजारात आलाय आणि हातात पिशवी नाही. आपण भाजीपाशी थांबलो, तर तोही थांबला. कांदे चाचपले, घेतले नाहीत. आणि हातात हेल्मेट आहे. कोण फिरतं बाजारात हेल्मेट घेऊन?”

“हं.”

“वळून बघू नका!”

“नाही बघत.”

आता हेमलताला सगळेच तसे वाटू लागले होते. पानठेल्यावर उगाच रेंगाळणारा. फोनमध्ये तोंड घालून उभा असलेला. लसूण विकणारी बाईसुद्धा दोनदा आपल्याकडेच का बघते?

पुढं डाव्या हाताला धान्याच्या गोदामांमागची गल्ली होती. अरुंद, सुनसान, पण आश्रमाकडे लवकर पोचवणारी.

“बाई, इथून आत शिरू. भरभर चाला. तो गर्दीत चुकेल.”

तिनं बाईंचा दंड धरला आणि गल्लीकडे ओढलं.

अनुसयाबाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. तिथं एका शिंप्याचं दुकान होतं, पायरीवर तीन-चार बायका ब्लाउजांची वाट बघत बसलेल्या. बाईंनी हलकेच आपला दंड सोडवून घेतला.

मग त्या वळल्या. सरळ त्या करड्या शर्टाच्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पंथाच्या रीतीनं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“दंडवत हो, बाप्पा! कोणत्या गावचे?”

तो माणूस जागच्या जागी थिजला.

“मी... इथलाच.”

“इथले? कोणाच्या घरचे?”

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. शिंप्याचं मशीन थांबलं. शिंपी चष्म्यावरून बघत म्हणाला, “इथले म्हणता? मी तर कधी पाहिलं नाही तुम्हाले.”

पायरीवरच्या बायकांनी माना वर केल्या. त्यातली एक उठून उभीच राहिली.

“नाव तरी सांगा, बाप्पा,” बाई म्हणाल्या. “आश्रमात या कधी. प्रसाद घ्यायला.”

त्याचे कान लाल झाले. त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला, “हो, हो, आलो,” म्हणाला आणि त्यांना वळसा घालून गल्लीत शिरला. फोनचा पडदा काळाच होता.

हेमलता गल्लीच्या तोंडाशी धावली.

आत वीस पावलांवर, भिंतीला चिकटून एक मोटरसायकल उभी होती. तिच्यावर दुसरा माणूस, तोंडाला रुमाल बांधलेला. करडा शर्ट मागं बसला आणि गाडी गेली...

गल्लीत नुसती धूळ उरली.

“पाहिलंत? पाहिलंत, बाई?” हेमलताचा आवाज चिरकला. “मी म्हणत होते! माझी नजर चुकत नाही!”

“नाही चुकली.”

“तेच असतील कमलबाईंना पाडणारे!”

“असतील. मला नाही ठाऊक.” बाई पायरीवर टेकल्या. बायकांनी सरकून जागा दिली. “हेल्मेट तुला दिसलं. गाडी कुठं असेल, हे नाही आलं मनात?”

हेमलतानं गल्लीकडे पाहिलं. भिंतीपाशी, जिथं ती बाईंना ओढून नेणार होती, तिथं चाकाची खूण होती. ती बाईंच्या शेजारी बसली.

शिंप्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“तुम्हाला कधी आला संशय?” तिनं खालमानेनं विचारलं.

“भाजीच्या आधी. चौकात.”

“माझ्याही आधी...” हेमलताला ते पचायला एक क्षण लागला. मग ती उसळून म्हणाली, “मग अशा माणसाला दंडवत का घातलात?”

अनुसयाबाईंनी दोन घोट पाणी पिऊन तोंड पुसलं.

“संशय आला म्हणून.”